रांगोळी काढायची, घालायची की टाकायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहावीतल्या मुलीने ‘माझी आजी’ या निबंधात लिहिलं, ‘आजी पहाटे उठून दारात सडा टाकते, रांगोळी टाकते आणि मग चहा ठेवते.’ बाईंनी दुसऱ्या ‘टाकते’वर लाल रेघ ओढून वर ‘काढते’ लिहिलं. मुलीचे वडील मूळचे यवतमाळकडचे, त्यांच्या घरी रांगोळी टाकतात. आई कोल्हापूरची, तिच्या माहेरी रांगोळी घालतात. बाई म्हणतात, रांगोळी काढतात. आता या तिघांपैकी शुद्ध कोण, असं तुम्ही विचारलंय.

मी मराठी पुस्तकांचं आणि दिवाळी अंकांचं भाषासंपादन करते. दिवाळी अंकांचा मजकूर पावसाळ्यात यायला लागला की रांगोळीचं क्रियापद कुठे ना कुठे आडवं येतंच. शिवाय हाताला रांगोळीची सवय लहानपणापासूनची. त्यामुळे उत्तर नुसतं कोशात बघून देत नाही, चिमटीतूनही देते आहे.

घाईत असाल तर एवढं पुरे: तिन्ही क्रियापदं मराठीच आहेत, तिन्ही बरोबर आहेत, आणि तुमच्या मुलीचं वाक्य चुकलेलं नव्हतं. पण ‘तिन्ही चालतात’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, कारण ती एकमेकांच्या जागी सरसकट बसत नाहीत. कोणती कुठे बसते हा खरा प्रश्न आहे, शुद्ध-अशुद्ध हा नाही.

त्याचा धागा बाईंच्या लाल रेघेतच आहे. त्यांनी ‘सडा टाकते’ला हात लावला नाही. पाण्याच्या बाबतीत ‘टाकणे’ त्यांच्या कानाला खटकलं नाही, रांगोळीच्या बाबतीत खटकलं. का? कारण सडा म्हणजे पाणी, एक पदार्थ. आणि रांगोळी म्हटल्यावर बाईंच्या डोळ्यांसमोर आली नक्षी. तुमच्या मुलीच्या डोळ्यांसमोर मात्र आजीची मूठ आणि मुठीतली पांढरी पूड असणार. दोघी ‘रांगोळी’ हाच शब्द वापरत होत्या आणि दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होत्या.

रांगोळी हे पुडीचंही नाव आहे आणि त्या पुडीने जमिनीवर उमटणाऱ्या आकृतीचंही. ‘रांगोळी संपली, येताना घेऊन ये’ म्हणतो तेव्हा पूड. ‘काय सुंदर रांगोळी आहे’ म्हणतो तेव्हा आकृती. शंका आली तर अनेकवचन करून पाहा. ‘दोन किलो रांगोळी’ असते, ‘दोन किलो रांगोळ्या’ नसतात, कारण पुडीला अनेकवचन नाही. ‘अंगणात पाच रांगोळ्या होत्या’ म्हटलं की त्या आकृत्याच. राखरांगोळी होणे हा वाक्प्रचारही पुडीच्या अर्थावरच उभा आहे. जळून राख झाली, चुरा होऊन रांगोळी झाली. त्यात नक्षीचा मागमूस नाही. नाव रंगावली किंवा रंगवल्ली या संस्कृत शब्दावरून आलं असं सांगतात, त्यात ओळ आहे, वेल आहे, म्हणजे आकृती आहे. आणि बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, जो कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर आहे, अशा चित्राला धूलिचित्र म्हटलंय. धूळही आली, चित्रही आलं. आपण मात्र एकाच शब्दात दोन्ही कोंबली आणि कुठली गोष्ट अभिप्रेत आहे ते सांगायचं काम क्रियापदावर सोपवलं.

हा प्रकार एकट्या रांगोळीचा नाही. मेंदी लावतात आणि मेंदी काढतातही. ‘तिने केसांना मेंदी लावली’ यात हिरवा लगदा आहे. ‘तिने हातावर मेंदी काढली’ यात कोयऱ्या आहेत, वेली आहेत. केसांना कोणी मेंदी काढत नाही. कुंकू लावतात, पण ‘चंद्रकोर रेखली’ म्हटलं की आकार आला. डोळ्यांत काजळ घालतात, म्हणजे काळं बोट फिरवून मोकळं होतात. काजळ रेखतात तेव्हा पापणीच्या कडेने हात सांभाळत जातात. पदार्थाला एक क्रियापद, त्याच्या आकृतीला दुसरं. आपण हे इतक्या सहज करतो की करतो हे जाणवतही नाही.

आता एकेक क्रियापद घेते. सुरुवात ‘घालणे’पासून, कारण माझ्या मते तुमच्या मुलीच्या वाक्याला प्रमाण भाषेत सर्वांत जवळचं तेच होतं.

झाडाला पाणी घालतो, कोंबड्यांना दाणे घालतो, आमटीत मीठ घालतो, सडा घालतो. हातातली किंवा भांड्यातली वस्तू दुसरीकडे सोडायची, सांडू द्यायची, मिसळू द्यायची, हा ‘घालणे’चा एक मोठा अर्थ. रांगोळीची पूड तशीच सुटते. शिरगोळ्याचा दगड कुटून-दळून केलेली पूड असो की कोकणात भाताचं तूस जाळून केलेली, चिमटीत धरली आणि अंगठा थोडा सैल केला की ती धारेने पडते. पेन्सिलीसारखी टेकत नाही, बोट जमिनीला लागतही नाही. हात जमिनीपासून बोटभर वर असतो आणि पूड खाली पडत असते. नवशिकी मुलं नेमकी इथेच अडकतात: ती रेघ ओढायला जातात आणि बोटाने पूड फरफटते. त्यांना सांगावं लागतं, ओढू नका, सोडा. ‘रांगोळी घालणे’ या शब्दांत हाताचं ते तंत्र आहे.

दुसरं म्हणजे ‘घालणे’त नेम आहे, नेम म्हणजे रोजचा रिवाज. सडा-रांगोळी ही जोडी ‘घालणे’शी बांधलेली आहे. ‘उठ, रांगोळी घालून घे, मग दूध आण’ हे वाक्य कुठल्याही घरातलं वाटतं. त्यात ‘रांगोळी काढून घे’ म्हणून पाहा, जरा लांबल्यासारखं होतं. उलट ‘दुपारभर रांगोळी काढत बसली होती’ हे सरळ वाटतं. ‘रांगोळी घालत बसली होती’ म्हटलं तर बोलणाऱ्याला किंचित वैताग आला असावा असं वाटतं. घालणे उरकता येतं. काढण्याला वेळ द्यावा लागतो. उंबऱ्यापुढच्या चार रेघा, पानाभोवतीची महिरप, तुळशीपुढची दोन बोटं, हे सगळं घालण्याचं काम. तिथे नक्षी किती सुबक झाली हे कोणी विचारत नाही, रांगोळी पडली की नाही एवढंच पाहतात.

आणि हो, ‘पडली’. ‘घालणे’ची जोडीदार ‘पडणे’. ‘दारात अजून रांगोळी पडली नाही’ असं आपण म्हणतो. कथा-कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांत हे वाक्य आलं की मी त्याला हात लावत नाही, कारण त्यात बरंच काही भरलेलं असतं. सुतकात दारात रांगोळी पडत नाही. ‘दोन दिवस झाले, त्यांच्या दारात रांगोळी पडली नव्हती’ एवढं लिहिलं तरी मराठी वाचकाला आत काहीतरी घडलंय हे कळतं. त्याऐवजी ‘दोन दिवस तिने रांगोळी काढली नव्हती’ असं लिहिलं तर वाचक समजेल, वेळ मिळाला नसेल बिचारीला.

‘काढणे’ हे वेगळ्याच कुळातलं. चित्र काढणे, रेघ काढणे, नकाशा काढणे, नक्षी काढणे. रिकाम्या जागेतून आकार बाहेर आणणे असं त्याचं चित्र मनात धरलं तर ते विहिरीतून पाणी काढण्यापासून फार दूर नाही. म्हणून जिथे आकृतीचं नाव घेतलंय तिथे हेच चालतं. स्वस्तिक काढतात, गोपद्मं काढतात, शंख-चक्र काढतात, कमळ काढतात. ‘स्वस्तिक घातलं’ मला तरी रुचत नाही, कारण स्वस्तिक हा पदार्थ नाही, तो निव्वळ आकार आहे. कुंकवाने काढा, हळदीने काढा, खडूने काढा, क्रियापद तेच राहतं. चातुर्मासात ज्या बायका रोज तेहतीस गोपद्मं काढतात त्या गोपद्मं ‘काढतात’, आणि ती काढायला वापरतात ती रांगोळी मात्र ‘घालतात’. दोन्ही एकाच वेळी, एकाच हाताने.

चैत्रात, म्हणजे चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, चैत्रगौरीपुढे अंगणात चैत्रांगण असतं. त्यात काय नसतं? झोपाळ्यातली गौर, सूर्य-चंद्र, नाग, कासव, गरुड, हत्ती, तुळशीवृंदावन, शंख, चक्र, गदा, त्रिशूळ, फणी, करंडा, आरसा, आंब्याची डहाळी. ही चिन्हांची अख्खी वही आहे, आणि तिच्यातलं प्रत्येक चिन्ह ‘काढलं’ जातं. ‘चैत्रांगण घातलं’ असं मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. दसऱ्याला पाटीवर जी सरस्वती असते तीही काढतातच. गंमत अशी की ती बहुतेक वेळा ‘१’ या आकड्यांनी बनलेली असते, म्हणजे खरं तर लिहिलेली असते, तरी आपण ‘सरस्वती लिहिली’ म्हणत नाही.

‘काढणे’त एक खोडी आहे, ती लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावी. हेच क्रियापद घडवण्यालाही चालतं आणि नाहीसं करण्यालाही. ‘भिंतीवरचं चित्र काढ’ म्हणजे रंगवायला घे की खाली उतरव? ‘त्याने टॅटू काढला’ म्हणजे नवा करून घेतला की लेझर मारून घालवला? बोलताना सूर आणि प्रसंग सांभाळून घेतात, छापील ओळीत ते नसतात. मी संपादनात नाहीसं करण्याच्या अर्थाला ‘काढून टाकला’ किंवा ‘पुसला’ आणि घडवण्याच्या अर्थाला गरज पडली तर ‘काढून घेतला’ असं करते. गोंदण्याच्या बाबतीत ही भानगड नव्हती. आजीच्या कपाळावरचं तुळशीचं रोप ‘गोंदलेलं’ असे. सुई, कातडी, काळा रंग, सगळं त्या एका शब्दात. टॅटू आला आणि ‘गोंदणे’ मागे पडून ‘काढणे’ पुढे आलं, त्याबरोबर हा घोळही आला. मला जमेल तिथे मी अजून ‘टॅटू गोंदवून घेतला’ असं लिहिते. काही लेखकांना ते जुनाट वाटतं, त्यांनी बदललं तर मी भांडत नाही.

याच खोडीवरून कोणी कोणी सांगतं की मंगळसूत्र काढणे, बांगड्या काढणे असं म्हणतात, म्हणून शुभकार्यात रांगोळी ‘काढू’ नये, ‘घालावी’. हा तर्क मला ओढूनताणून केलेला वाटतो. श्राद्धही घालतातच की.

आता ‘टाकणे’. बाईंचा आक्षेप कुठून आला असेल ते मला कळतं. पुण्या-मुंबईच्या कानाला ‘टाकणे’ म्हणजे फेकणे, टाकून देणे. कचरा टाकतात, रांगोळी कशी टाकतील? पण त्याच पुण्या-मुंबईत अंथरूण टाकतात, चटई टाकतात, कुकरला भात टाकतात, पाऊल टाकतात, भिजत डाळ टाकतात. यातलं काहीही कोणी फेकत नाही. ‘टाकणे’चा ठेवणे, पसरणे, सोडणे हा अर्थ प्रमाण भाषेत पुरेपूर जिवंत आहे, विदर्भात त्याचा पैस थोडा मोठा आहे, इतकंच. तिकडे सडा टाकतात, रांगोळी टाकतात. ‘टाकणे’ तिथे नेमकं ते काम करतं जे कोल्हापुरात ‘घालणे’ करतं. म्हणजे तुमच्या घरात नवरा-बायकोचा जो वाद आहे तो खरं म्हणजे वादच नाही. तुम्ही दोघं एकच गोष्ट म्हणताय, पूड सोडण्याची. वेगळं काही म्हणत असतील तर त्या बाई.

आणि आजी एकट्या नाहीत. तमिळमध्ये कोलमला, म्हणजे तिकडच्या रांगोळीला, जे क्रियापद लागतं ते ‘पोडु’, म्हणजे टाकणे, घालणे. तेलुगूत मुग्गूला ‘वेय’, अर्थ तोच. कन्नडमध्ये रंगोलीला ‘हाकु’, म्हणजे पुन्हा घालणेच (आपल्या गुरं हाकण्याशी गल्लत नको). रोज पहाटे दारापुढे पांढरी पूड सोडणाऱ्या या सगळ्या मुलुखांत क्रियापद पूड सोडण्याचं आहे. कोणी कोणाकडून घेतलं यात मी शिरत नाही. एकसारखं काम करणाऱ्या हातांना एकसारखे शब्द सुचले असं मानायला मला अडचण नाही.

उत्तरेला सरकलं की चित्र बदलतं. गुजरातीत साथिया ‘पूरतात’, हिंदी मुलखात चौक ‘पूरतात’, म्हणजे भरतात: आधी चौकट, मग तिच्यात भरणं. आपल्याकडेही लग्नामुंजीत धान्याचा चौक भरतात, आणि ठिपक्यांच्या रांगोळीत बाह्यरेषा झाली की रंग भरतात. राजस्थानात मांडणा ‘मांडतात’. बंगालात आल्पना ‘देतात’. ती कोरडी नसते, तांदळाच्या पिठाचं पाणी बोटांवरून ओघळू देऊन केलेली असते.

या सगळ्यांत मला सर्वांत विचार करायला लावणारं क्रियापद आपल्याच राज्यातलं आहे. पालघर जिल्ह्यातले वारली लग्नात घराच्या भिंतीवर चौक करतात. गेरू-शेणाच्या थरावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मध्ये पालघट ही सुफलतेची देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्या. सवाष्णी तो करतात आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. त्या चौकाला ते ‘काढणे’ म्हणत नाहीत, ‘लिहिणे’ म्हणतात. चौक लिहितात. गुजरातच्या राठवा आदिवासींत पिठोरा या देवाच्या चित्रांची भिंत रंगवणारा माणूस ‘लखारा’ असतो, म्हणजे लिहिणारा. शहरातल्या गॅलऱ्यांत गेल्यावर हेच ‘वारली पेंटिंग’ होतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी, ज्यांना पुढे २०११ साली पद्मश्री मिळाली, सत्तरच्या दशकापासून ही कला कागदावर आणि कापडावर आणली, आणि आपण बाहेरचे लोक सरसकट ‘वारली चित्र काढणे’ म्हणायला लागलो. कागदावरच्या चित्राला ते शोभतं. पण लग्नघरातल्या भिंतीबद्दल लिहिणारा लेख माझ्याकडे आला तर मी ‘चौक लिहिला’ तसंच ठेवते, आणि लेखकाने ‘काढला’ लिहिलं असेल तर विचारते. सजावट आणि लिखाण यांच्यात तिथे भिंत नाही. चौक वाचायचा असतो, देवी कुठे बसलीय, कोण कोणाच्या बाजूला आहे हे त्यातून कळायचं असतं.

उरलेली क्रियापदं पटकन सांगते, कारण निबंध लिहिताना तुमच्या मुलीला ती लागतील. बारीक, नेमकं, कडेने जाणारं काम असेल तर ‘रेखणे’. ‘रेखाटणे’ थोडं पुस्तकी आहे, पण चुकीचं नाही. लक्ष्मीची पावलं ओल्या कुंकवात किंवा पिठाच्या पाण्यात मुठीची कड बुडवून जमिनीवर टेकवली आणि वर बोटांची टिंबं दिली तर ती ‘उमटवली’. तीच पावलं चिमटीने पूड सोडून केली तर ‘काढली’. भोकांच्या छापाने केली तर ‘छाप मारला’. दगडात, लाकडात ‘कोरणे’. आता बाजारात रांगोळीची तयार स्टिकरं मिळतात आणि ‘यंदा आम्ही रांगोळी लावली’ असं कानावर येतं. हसू आलं तरी क्रियापद अचूक आहे; स्टिकर लावतातच.

वर्तमानपत्रांना ‘साकारणे’ फार आवडतं. ‘कलाकारांनी भव्य रांगोळी साकारली.’ मोठ्या मैदानावरची व्यक्तिचित्रं, पालखीच्या वाटेवरचे गालिचे यांना ते शोभतं, कारण तिथे आधी मनात योजलेलं काहीतरी प्रत्यक्षात आणलेलं असतं. दारातल्या चार रेघांना ‘साकारली’ म्हटलं की पाच वर्षांच्या मुलाला फेटा बांधल्यासारखं दिसतं.

एका क्रियापदावर मात्र मी स्वतः लाल रेघ मारते, आणि ते तुमच्या यादीत नव्हतं: ‘बनवणे’. ‘आईने रांगोळी बनवली.’ हे हिंदीतल्या ‘रंगोली बनाई’वरून उचललेलं आहे आणि हल्ली मुलांच्या तोंडी, जाहिरातींत, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या पत्रकांत सर्रास दिसतं. मी ते अशुद्ध ठरवत नाही, पण आपल्याकडे इतकी नेमकी क्रियापदं हाताशी असताना ते सगळ्यांची धार एकदम बोथट करतं. ‘बनवली’ म्हटलं की पूडही गेली, आकृतीही गेली, नेमही गेला. कागदाची होडी बनवली, सँडविच बनवलं, तशीच रांगोळी बनवली. एका ठिकाणी ते मी राहू देते. ‘शिरगोळ्यापासून रांगोळी बनवतात.’ तिथे कारखान्यातली पूडच अभिप्रेत आहे आणि ती खरोखर बनवतात.

‘घालणे’ वापरताना एक व्याकरणाची काळजी. त्याचं प्रयोजक रूप ‘घालवणे’ असं करायला जाऊ नका. ‘आजीने नातीकडून रांगोळी घालवली’ याचा अर्थ भलताच होतो, वेळ घालवला तशी. ‘घालायला लावली’ किंवा ‘घालून घेतली’ म्हणावं.

आता तुमच्या प्रश्नाचा राहिलेला भाग: बाईंना काय सांगायचं आणि वहीत काय ठेवायचं. हे परिस्थितीवर आहे, आणि शाळेत जाऊन भांडण्याइतका हा विषय मोठा नाही.

शाळेच्या लेखनात प्रमाण भाषेचा आग्रह असतो आणि तो धरणं हे बाईंचं कामच आहे. त्या आग्रहात काही गैर नाही. पण प्रमाण भाषेतही या वाक्यात ‘काढते’पेक्षा ‘घालते’ जास्त नेमकं आहे. वाक्य आजीच्या पहाटेच्या नेमाबद्दल आहे. सडा, रांगोळी, चहा, एकामागून एक. तिथे कुठली नक्षी, किती ठिपके याचा उल्लेख नाही. ‘आजी पहाटे उठून दारात सडा घालते, रांगोळी घालते आणि मग चहा ठेवते’ असं केलं असतं तर प्रमाण भाषाही राहिली असती आणि वाक्याची लयही. आता ‘सडा टाकते, रांगोळी काढते’ असं झाल्यावर एक पाय वऱ्हाडात आणि एक पुण्यात राहिला.

तरी मला विचाराल तर मी मूळ वाक्य तसंच ठेवलं असतं. निबंधाचं नाव ‘माझी आजी’ आहे, आजी यवतमाळची आहे, ती रांगोळी टाकते. पुस्तकात एखाद्या लेखिकेने असं लिहिलं असतं तर मी समासात बरोबरची खूण केली असती. परीक्षेच्या पेपरात मात्र मुलीने जोखीम घेऊ नये. तपासणारा कोण असेल सांगता येत नाही. तिथे ‘घालते’ लिहावं, त्यावर कोणी गुण कापेल असं वाटत नाही.

बाईंशी बोलायचंच असेल तर ‘टाकते बरोबर आहे’ असं म्हणत जाऊ नका. ‘सडा टाकते चालतं तर रांगोळी टाकते का नाही?’ एवढंच मुलीला विचारायला सांगा. मला वाटतं बाई स्वतःच थबकतील. कदाचित म्हणतील, रांगोळीत नक्षी असते म्हणून. ते उत्तर खरं आहे, आणि मग मुलीने पुढचं वाक्य जोडावं, म्हणजे दोघींचं समाधान होईल: ‘आजी रोज दारात रांगोळी टाकते. दिवाळीत मात्र ती अंगणभर ज्ञानकमळाची रांगोळी काढते आणि मी तिच्यात रंग भरते.’